निशिगंधा आणि औषधांची तोंडओळख

निशिगंधा आमच्या संस्थेत आली त्याला सात वर्षं झाली. पालीची मुलगी, नवरा जयगडच्या बंदरात शिफ्टला आणि हिचं कामाचं गाव पूर्णगड. सगळी तीन तोंडं तीन दिशांना. एसटीनं हिंडायचं, मनाचा आजार असलेल्यांच्या घरी बसायचं, त्यांचं नि घरच्यांचं ऐकून घ्यायचं, हे आम्हा समुपदेशकांचं काम. मी तिच्याहून बारा वर्षांनी जुनी, म्हणून ती मला ताई म्हणते आणि माझं एक ऐकत नाही.

तिला प्रश्न विचारायची खोड. "ताई, माणसं गोळ्या पुढ्यात ठेवतात. ही कशाची, हिच्यानं अंग जड का होतं, विचारतात. मी काय सांगू?" ऑफिसात विचारलं की ठरलेलं उत्तर: आपलं काम ऐकण्याचं, गोळ्यांचं डॉक्टर बघतील. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, साठ माणसं तपासायचे आणि तिन्हीसांजेला परत. मग बघणार कोण, डोंबल? दोन वर्षांत तिनं तीन अर्ज केले. तेव्हा कुठे रत्नागिरीत एक दिवसाचं प्रशिक्षण लागलं. नाव काय, तर 'मानसोपचाराच्या औषधांची तोंडओळख'.

त्या दिवसांत तिचा जीव रघूत अडकला होता. रघू पूर्णगडचा, बोटीवर खलाशी. मध्ये त्याला असं काही चढलं की चार चार दिवस झोप नाही, बडबड थांबेना. डॉक्टरांनी लिथियम चालू केलं आणि गडी माणसात आला. परत बोटीवर जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. आई धोंडूबाईनं त्यासाठी देवीला गाऱ्हाणं घातलं, घरात मीठ बंद केलं. लेक बोटीवर चढेस्तोवर मायलेकांचं जेवण अळणी. ज्यांचा जन्म मासे खारवण्यात गेला त्या घरात चिमूटभर मीठ नाही. निशिगंधानं हे वहीत कुठे लिहावं? 'कुटुंबाची बलस्थानं' या रकान्यात. चूक तिची नाही हो. आम्हाला शिकवलंच तसं आहे: माणसांच्या श्रद्धेला नावं ठेवू नका, तिचा आधार घ्या.

पुढे रघूचे हात थरथरायला लागले. तिनं लिहिलं, 'कामावर परतण्याचा ताण', आणि त्याला श्वासाचा व्यायाम दिला. तीन आठवडे.

प्रशिक्षणाला आम्ही दोघी गेलो. साडेदहाची वेळ होती. दीपप्रज्वलन, गुच्छ, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांनी केलेला आमचा गौरव, यात पावणेबारा वाजले. पुण्याहून आलेले डॉक्टर मग पडद्यावर अशी पानं उलटायला लागले की वाचायला डोळे पुरेनात. लिथियमचं पान आलं नि गेलं. मागून वाढपी खुणावत होता, जेवण थंड होतंय.

निशिगंधा उभी राहिली. "सर, मागचं पान. मिठाचं काय होतं?"

"मीठ-पाणी एकदम कमी झालं की रक्तात लिथियम वाढतं. हात जोरात कापतात, जुलाब होतात, तोल जातो, बोलणं जड होतं. जिवावर बेतू शकतं. पुढे जाऊ या?"

ती खाली बसली. वही उघडली, 'बलस्थानं'च्या रकान्यातलं तिचंच अक्षर वाचलं. तशीच बाहेर गेली, धोंडूबाईला फोन लावला. रघूला कालपासून जुलाब लागले होते आणि सकाळपासून त्याची जीभ जड झाली होती. डॉक्टर ताट हातात घेऊन उभे होते, तिथे जाऊन तिनं सांगितलं. ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात आणा, पुढची गोळी देऊ नका." तेवढं बरं केलं त्यांनी.

तिनं परत फोन करून रघूला रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात आणायला सांगितलं आणि आम्ही दोघी जेवण सोडून तिकडे निघालो. आयोजक बाई दारात म्हणतात, दुपारच्या सहीशिवाय प्रमाणपत्र मिळणार नाही. माझ्या तोंडात काय आलं ते इथे लिहीत नाही.

रिक्षातून रघूला दोघांनी धरून उतरवलं. सलाईन लागलं, रक्त तपासायला गेलं. संध्याकाळी दवाखान्यातले डॉक्टर बाहेर आले, म्हणाले वाचेल, वेळेत आणलंत. आणि लगेच धोंडूबाईवर घसरले. "मीठ बंद करायला कुणी सांगितलं तुम्हाला? पोराला मारायला निघाला होतात का?"

म्हातारी बाकावर बसली ती उठेना. पदर तोंडात कोंबून नुसती हलत होती. मी निशिगंधाचा हात दाबला, गप्प राहा म्हणून. कंत्राटी नोकरी, वरिष्ठ टपलेले, कशाला तोंड उघडायचं? पण ऐकेल तर ती निशिगंधा कसली.

"डॉक्टर, त्यांना बोलू नका. मीठ बंद आहे हे मला ठाऊक होतं. हात कापताना मी तीन आठवडे बघत होते. मी त्याला श्वास घ्यायला शिकवत बसले."

डॉक्टर फाईल घेऊन आत गेले. मला इतका राग आला तिचा. त्याहून राग आला तो त्या तीन अर्जांवर शेरा मारणाऱ्यांचा, आणि थोडा माझाही, कारण तिच्या जागी मी गप्प बसले असते.

निशिगंधा धोंडूबाईच्या पायाशी खाली जमिनीवर बसली. "मावशी, चूक माझी झाली. मला कळायला हवं होतं."

धोंडूबाईनं पदर खाली घेतला. तिच्याकडे बघितलं. शिव्या घालील असं मला वाटलं, घातल्या असत्या तरी चाललं असतं.

"तुला तरी कोणी सांगितलान होता गो बाय," ती म्हणाली. "आणि मला तरी."