गोड नकार

आक्काचा आवाज म्हणजे मध, असं स्टुडिओत सगळेच म्हणायचे. प्रेमकथांची ऑडिओबुकं वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि कथा तरी कसल्या मेल्या! नायक दाराला लाथ घालणार, नायिकेला भिंतीवर दाबणार, ती ‘नको’ म्हणणार आणि पुढच्याच ओळीत विरघळणार.

“आक्का, त्या ‘नको’त थोडं ‘हो’ मिसळा,” काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला सांगायचा. आक्का मिसळायची. एकदा तिने विचारलंही, “अरे, ही बाई रडतेय आणि मी लाजू कशी?”

“अहो, बायकाच तर ऐकतात हे. कुणाची तक्रार आहे का?”

तक्रार खरंच कुणाची नव्हती. आक्काने पुढचं पान वाचायला घेतलं.

एका रविवारी भर दुपारी तिची लेक दारात उभी राहिली. ओठ फाटलेला, मनगटांवर काळेनिळे वळ. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं.

“मी नको म्हणत होते गं, ओरडून म्हणत होते. तो हसत होता. म्हणाला, तुझ्या आईनेच शिकवलंय मला, बायकांचं नको म्हणजे काय असतं ते.”

आग लागो या आवाजाला, असं आक्काला झालं. लेकीला जवळ घेऊन ती रडली, तिला झोपवलं. मग हातांना काहीतरी काम हवं म्हणून कपड्यांना इस्त्री करत बसली.

संध्याकाळी जावई आला. “चल घरी.”

“नको,” म्हणत लेक भिंतीला चिकटली.

तो आक्काकडे बघून हसला. “आई, तुम्हीच सांगा, हे रागाचं आहे की लाडाचं?” आणि त्याने लेकीला केसांना धरून खेचलं.

आक्काने तापलेली इस्त्री त्याच्या हातावर दाबली. कातडी चरचरली. तो बोंबलत खाली कोसळला, तशी तिने त्याच्या खांद्यावर हाणली. याला आज जित्ता सोडायचा नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने इस्त्री त्याच्या तोंडावर उगारली.

“नको! आई, नको!” तो किंचाळला.

आक्काचा हात वरच्या वर थांबला. तिचं तिलाच नवल वाटलं.

“बघितलंस?” ती धापा टाकत म्हणाली. “एवढी पेटले होते मी, तरी थांबले. आता चालता हो.”