प्लायवूडचं स्टेशन

गोरेगावच्या स्टुडिओत चंद्रप्रकाश घाडीगावकरला सगळे चंदूदादा म्हणत. वडील गिरणीत सुतारखात्यात होते. संपानंतर ते सिनेमाच्या सेटवर रंधा मारू लागले आणि शाळा सुटल्यावर चंदूही त्यांच्या मागून आला. त्याला आता तीस-पस्तीस वर्षं झाली. या काळात त्याने किती कोर्टं, किती तुरुंग आणि किती श्रीमंतांचे बंगले उभे केले आणि शूटिंग संपताच पाडले, याची मोजदाद त्यालाही नव्हती.

फेब्रुवारीत एका सकाळी गार्गी नावाची तिशीतली इंजिनीअर त्याला शोधत आली. अंधेरीच्या एका सल्लागार कंपनीत ती काम करत होती. तिने बाकड्यावर नकाशा पसरला.

"काका, बुलेट ट्रेनमधून उतरलेला माणूस विमानतळाच्या गाडीत कसा चढेल, याचे तीन पर्याय आम्ही तपासतोय. हा तिसरा. एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जायला नव्वद मीटरची वाट आणि दोन वळणं. आम्हाला ही वाट खऱ्या मापात बांधून बघायचीय. लोकांना चालवून वेळ घ्यायचा."

"सिनेमा कुठला?"

"सिनेमा नाही हो. अभ्यास आहे."

चंदूने नकाशा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "खांब का एवढे?"

"वर इमारत येणार ना. खांब हलणार नाहीत."

"आणि भिंती?"

"भिंतींचं बघता येईल," गार्गी म्हणाली. चंदूने ते वाक्य नीट ऐकून ठेवलं.

त्याने आणि त्याच्या हाताखालच्या नितेशने आठ दिवसांत वाट उभी केली. प्लायच्या भिंती मागून टेकू लावून उभ्या केल्या, खांबांना करडा रंग दिला. दुसऱ्या वळणावर, खांबाच्या अगदी समोर, गाड्यांच्या वेळांचा मोठा फलक टांगला. नकाशात तसंच होतं.

पहिल्या चाचणीला कंपनीतलीच चाळीस माणसं आली. प्रत्येकाकडे चाकांची छोटी बॅग आणि पायात बूट. सगळे एकामागून एक टकाटक चालत गेले आणि शेवटचा माणूसही चार मिनिटांच्या आत पलीकडे पोचला. गार्गीचे साहेब शौनक सर घड्याळ बघून खूश झाले.

"झकास! कागदावर चार मिनिटं होती, चारच लागली."

चंदू कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होता. त्याच्याने राहवलं नाही.

"साहेब, रागावू नका, पण ही माणसं कुठे चाललीच नव्हती."

"म्हणजे?"

"विमान पकडणारा माणूस असा चालतो का? त्याच्या डोक्यात पन्नास गोष्टी असतात. पासपोर्ट कुठे, पोरगं कुठे, लोणच्याची बरणी फुटली तर नाही! मला एक दिवस द्या. मी माणसं आणतो."

शौनक सर गार्गीकडे बघू लागले. गार्गी म्हणाली, "आणू द्या ना सर. स्टुडिओचा हा फ्लोअर शनिवारपर्यंत आपल्याकडेच आहे."

शनिवारी चंदूने कांदिवलीची आपली अख्खी सोसायटी बसमध्ये घालून आणली. दोरीने बांधलेली खोकी, उशा, कडेवरची पोरं, सगळं सामानासकट. बायको अक्षता तीन बॅगा आणि हातात भाच्याचं बखोट धरून सज्ज होती. आई राधाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, काठी टेकत उतरली आणि चहूकडे बघून म्हणाली, "चंद्या, इमान खंय आसा?"

"विमान नाय गं आये. नुसता चालूचा आसा."

"चालूक माका इतक्या लांब हाडलंस?"

शिट्टी वाजली आणि मंडळी निघाली. पहिलं वळण पार पडलं. दुसऱ्या वळणावर राधाबाई फलकाखाली थांबली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि एक एक ओळ मोठ्याने वाचू लागली. मागची बॅग तिच्या काठीला अडली, त्या बॅगेवर खोकं आलं, खोक्यामागे अक्षता. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला भिंत. बघता बघता सगळी वाटच तुंबली.

"आये, पुढे सर गं!"

"वाचूक नको? चुकीच्या गाडीत चढान तर?" राधाबाई ठसक्यात म्हणाली. "आणि हंय बसाक कायच नाय!"

शेवटचा माणूस पलीकडे पोचला तेव्हा नऊ मिनिटं झाली होती. शौनक सरांनी घड्याळ पुन्हा एकदा तपासलं. विमानतळाची गाडी दर दहा मिनिटांनी सोडायचं ठरत होतं. एक चुकली की दुसरीची वाट बघायची, आणि मग विमानाची वाट लागली.

"आजी नसत्या थांबल्या तर..." ते पुटपुटले.

"साहेब, आजी थांबणारच," चंदू म्हणाला. "खांब हलत नाही, आजी हलत नाही. भिंत हलते. जेवणाची सुट्टी मला द्या."

सोसायटीची मंडळी डबे उघडून बसली. तेवढ्यात चंदू आणि नितेशने टेकू सोडवले, भिंत कोपऱ्यावर तिरकी कापली आणि पुन्हा ठोकली. फलक वळणाच्या वीस पावलं अलीकडे, रुंद जागेत आणला, म्हणजे वाचायचं तिथे आरामात वाचा. खांबाच्या आडोशाला कोर्टाच्या सेटवरचं एक बाक आणून ठेवलं. गार्गी टेप धरायला खाली वाकली, तेव्हा तिच्या पांढऱ्या शर्टाला प्लायचा भुसा लागला. तिने तो झटकलासुद्धा नाही.

जेवून सुस्तावलेली मंडळी पुन्हा निघाली. राधाबाईने फलक वाचला, बाकावर बसून घेतलं, उठली आणि पलीकडे गेली. मागचे सगळे तिला वळसा घालून सुखाने पुढे निघून गेले.

"पाच मिनिटं!" गार्गी ओरडली. "पाच मिनिटं दहा सेकंद!" सोसायटीने टाळ्या वाजवल्या. काहींना टाळ्या कशासाठी ते कळलं नव्हतं, तरी वाजवल्या.

शौनक सर कापलेल्या कोपऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. भिंतीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "घाडीगावकर, तुम्हाला हे आधी दिसलं होतं?"

"नाही साहेब. गर्दी अडेल एवढं वाटत होतं. कुठे अडेल ते आईने दाखवलं."

सोमवारी सेट पाडला. त्या जागेवर एका मालिकेसाठी लग्नाचा हॉल उभा राहिला. जून महिन्यात गार्गी अहवालाची प्रत घेऊन आली. तिसऱ्या पर्यायाच्या नकाशात दुसऱ्या वळणाचा कोपरा तिरका काढला होता, आणि खांबामागे एक छोटा चौकोन: बाक. निर्णय अजून व्हायचा होता, तीनपैकी कुठला पर्याय निवडतील ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

चंदूने ते पान घरी नेलं. अक्षताने पाट्यावरचं वाटण सोडून हात धुतले आणि चौकोनावर बोट ठेवलं.

"हे आपलं?"

"हे आपलं."

"बांधतील कधी?"

"बांधलंच तर सात-आठ वर्षं जातील."

"जाऊ देत," ती म्हणाली. "पण बाकाला पाठ ठेवायला सांग हां. नुसत्या बाकावर कंबर धरते."

चंदूने लगेच फोन उचलला आणि गार्गीला कळवलं.