मेनस्विच गप्प बसला

कारखान्यात त्यांना सगळे मेनस्विच म्हणत. वायरमन तिथे पुष्कळ होते, पण या माणसाने खटक्यापाशी उभं राहून "सोडतोय!" अशी आरोळी ठोकल्याशिवाय वीज चालू करायची कुणाची छाती नव्हती. साहेबाचीसुद्धा नाही. एकदा मोठे पाहुणे मशीन बघायला आले, तर याने त्यांना खुशाल ताटकळत ठेवलं. का, तर जोडीदार अजून शिडीवरून उतरला नव्हता. साहेब लालबुंद झाला. हे ढिम्म. निवृत्त झाले तसं ते नावही त्यांच्याबरोबर घरी आलं. बायको होती तोवर म्हणायची, "कारखान्यात असतील मेनस्विच. घरातला मेनस्विच मी आहे, आणि मी बंद पडले ना, की कळेल." ती गेली, आणि कळलंच.

मग हळूहळू एकेक गोष्ट हातातून जायला लागली. हात थरथरायचे, बोटांना नीट कळायचं नाही. इस्त्री शर्टावर पालथी राहिली, शर्ट गेला आणि खालचं टेबलही करपलं. मुलाने इस्त्री कपाटात कुलूपबंद केली. गॅसवर पातेलं ठेवून हे खिडकीत जाऊन बसले, गॅसला हात लावणं बंद झालं. स्कूटर फाटकावर आदळली, स्कूटर विकली. मुलगा वाईट नव्हता हो, नुसता भित्रा होता. विमा कंपनीत नोकरीला. दिवसभर जळक्या घरांचे आणि मोडक्या गाड्यांचे फोटो बघणाऱ्या माणसाला संध्याकाळी स्वतःच्या घरातही धूर दिसायला लागतो, त्याला कोण काय करणार?

राहता राहिला सूनबाईचा कोपरा.

सूनबाई व्हिडिओ एडिटर. ज्या स्टुडिओत ती कामाला होती तो बंद पडला, तेव्हा तिने काम घरी आणलं. बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारी टेबल, त्यावर मोठा मॉनिटर, खाली कॉम्प्युटरचा डबा. पहिल्याच दिवशी सासऱ्यांनी मीटरपासून वेगळी लाइन ओढली, अर्थिंग तपासलं, वायरी भिंतीला अशा चिकटवल्या की बघत राहावं. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी ते सगळं बंद करायचे, वायरी काढायचे, धूळ पुसायचे आणि डोळे मिटून परत लावायचे. खरंच डोळे मिटून, गंमत म्हणून. "डोळे फसवतात, हात नाही फसवत," असं म्हणायचे. सूनबाई हसायची. तिला तो सोमवार फार आवडायचा, कारण त्या दिवशी सासरे पुन्हा पहिल्यासारखे ताठ उभे दिसायचे.

स्कूटर गेली त्या दिवशी मुलगा म्हणाला होता, "बाबा, आता तो एक कोपरा राहिलाय. तिथे जरा जरी घोळ झाला ना, तर तेही बंद. विजेच्या कशालाही हात लावायचा नाही."

"बरं," म्हणाले मेनस्विच. साहेबाच्या पाहुण्यांना ताटकळत ठेवणारा माणूस नुसता "बरं" म्हणाला. सूनबाईला मध्ये बोलायचं होतं, पण नवऱ्याच्या तोंडी लागायची ती वेळ नव्हती.

आता त्या सोमवारची गोष्ट. सूनबाईकडे एका इस्पितळातल्या सिस्टरची फिल्म आली होती. सिस्टर शुक्रवारी निवृत्त व्हायची होती. तिच्या वॉर्डातल्या पोरींनी कुठून कुठून जुने पेशंट शोधून काढले होते आणि प्रत्येकाकडून फोनवर दोन शब्द बोलवून घेतले होते. कुणी रडत होतं, कुणी भांडल्यासारखं प्रेमाने बोलत होतं. एक म्हातारा तर नुसता पाय हलवून दाखवत होता, "हा बघा, हलतोय!" हे सगळं जोडून शुक्रवारी संध्याकाळी दाखवायचं होतं.

सकाळी कॉम्प्युटरने विचारलं, ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर, म्हणजे त्या कार्डाला कामाला लावणारा प्रोग्रॅम, आलाय, टाकू का? सूनबाईने "हो" म्हटलं आणि ती भाजी आणायला गेली. ती परत आली तोवर सासऱ्यांचं पुसून झालं होतं. दुपारी ती कामाला बसली आणि बघते तर काय, सगळंच रखडलेलं. माणूस तोंड उघडायचा आणि तसाच थिजायचा. आवाज पुढे जायचा, चित्र मागे राहायचं. पायवाल्या म्हाताऱ्याचा पाय तर वर गेला तो खाली येईचना.

"मेल्या ड्रायव्हरने घात केला," ती म्हणाली. आणि एकदा ड्रायव्हरच्या डोक्यावर खापर फोडल्यावर दुसरीकडे बघायचं कशाला?

मंगळवारी तिने रीस्टार्टभाऊंना फोन लावला. हे जुन्या स्टुडिओतले कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. कुठलाही आजार सांगा, पहिलं औषध "रीस्टार्ट केलंस का?" त्यांनी तिला सेटिंग उघडायला लावलं. "चित्राचं ओझं कोण उचलतंय ते बघ. तुझ्या डब्यात दोन आहेत, एक ते दणकट कार्ड आणि एक मदरबोर्डातलंच चिमुकलं."

"चिमुकलं उचलतंय," सूनबाई म्हणाली. "मोठं नुसतं बसलंय."

"वा! घरात पैलवान आणि पाण्याच्या घागरी म्हातारीच्या डोक्यावर! जुना ड्रायव्हर परत टाक."

तिने तो टाकला. रीस्टार्ट केलं. सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवलं, परत रीस्टार्ट केलं. घोडं काही पुढे सरकेना. मग फोनवरून रीस्टार्टभाऊंनी विचारलं, "बरं, मॉनिटरची केबल कुठे खोचलीय? खाली कार्डाच्या आडव्या भोकात, की वर मदरबोर्डाच्या? वर लावली की सगळं काम चिमुकल्याकडेच जातं. लोक तिथेच चुकतात."

सूनबाई चक्क हसली. "भाऊ, ती केबल माझ्या सासऱ्यांनी लावलीय. सूर्य पश्चिमेला उगवेल, पण त्यांच्या हातची वायर चुकीच्या जागी जायची नाही."

सासरे तिथेच खुर्चीत पेपर वाचत होते. तिने अभिमानाने त्यांच्याकडे पाहिलं. ते हसायला गेले, पण हसू काही जमलं नाही. तुमच्या लक्षात आलं असेल, तिच्या आलं नाही. जिथे विश्वास असतो तिथे माणूस वाकून बघत नाही.

बुधवारी सासरे दोनदा तिच्या मागे येऊन उभे राहिले. "पोरी, जरा उठतेस का? मागे एकदा नजर टाकतो."

"आत्ता नको हो बाबा, एक्स्पोर्ट लावलाय, फिल्म बाहेर पडतेय. हलवलं की सगळं पहिल्यापासून."

"बरं," म्हणून ते परत गेले. दुपारी जेवले नाहीत. सूनबाईने कपाळाला हात लावून पाहिला, अंग तर गार होतं. "काय होतंय बाबा?" "काही नाही गं." तिने कार्डाची मदत घेणं अजिबात बंद करून बघितलं होतं, म्हणजे जे होईल ते हळूहळू होऊ दे, पण होऊ दे. तेही अर्ध्यात येऊन तुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा तुटलं.

गुरुवारी दुपारी तिने हाय खाल्ली. वॉर्डातल्या पोरीला फोन करून म्हणाली, "फिल्म होत नाही गं. नुसते फोटो एकापुढे एक लावून देते. चालेल?"

मग ती पोर म्हणाली, "चालेल ताई. न चालून काय करणार? फक्त त्यांचे आवाज ऐकवायचे होते सिस्टरना. कायम म्हणायच्या, बरी झालेली माणसं परत तोंड दाखवत नाहीत, आणि तेच बरं. म्हटलं, एकदा दाखवू तोंडं."

सूनबाईने फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून लहान पोरीसारखी रडली. तीन दिवस राबून हाती भोपळा! ती सिस्टर तिची कुणी नव्हती, पण तिची सगळी माणसं तिने पाहिली होती, त्यांचं बोलणं पाठ झालं होतं.

"मेन बंद कर," मागून आवाज आला.

तिने वळून पाहिलं. सासरे उभे होते, चेहरा पांढरा पडलेला.

"बंद कर आणि केबल बघ. खालच्या आडव्या भोकात आहे का ती?"

"अहो बाबा, ती तर तुम्ही..."

"बघ म्हणतो ना!"

ती फोनचा दिवा लावून टेबलाखाली शिरली. केबल वरच्या भोकात होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती तशीच जमिनीवर बसून राहिली.

"बोटांना कळलं नाही," सासरे म्हणाले. "लावली तेव्हाच शंका आली. पुन्हा बघू म्हटलं, तोवर तू येऊन बसलीस. मग सांगणार होतो. तर तू फोनवर ते सूर्याचं बोललीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं गं."

सूनबाई चिडली. का चिडू नये? "तीन दिवस, बाबा! तीन दिवस मी ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडतेय आणि तुम्ही मूग गिळून बसलात? तुमच्यासमोर मी त्या पोरीला नाही म्हटलं!"

त्यांनी मान खाली घातली. ओरडताना तिचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरलेले होते, थरथर दिसू नये म्हणून. मग तिला पुढे ओरडवेना.

तिने केबल काढली, खाली लावली, मेन चालू केला. म्हातारा पाय हलवायला लागला, वर, खाली, वर, खाली, "हा बघा, हलतोय!" सासरे-सून दोघंही बघत राहिले. डोळे पुसत तिने वॉर्डात फोन लावला, "फोटो राहू दे. फिल्म होतेय. हो, आवाजासकट!" पलीकडून अशी किंकाळी आली की सासऱ्यांनाही ऐकू गेली. दिवेलागणीला फिल्म तयार झाली.

रात्रीच्या जेवणाला मुलगा घरी आला. बायकोचा चेहरा पाहून त्याने ओळखलं. "सुटलं वाटतं कोडं? काय होतं शेवटी?"

"ड्रायव्हर," सूनबाई त्याला वाढताना म्हणाली. तिने हे दुपारीच ठरवून ठेवलं होतं. चूक दोघांत राहिली तर कुणाचं काय बिघडतं? सोमवार तरी वाचेल.

सासऱ्यांनी ताट पुढे सरकवलं. "नाही. ड्रायव्हर नव्हता. केबल मी चुकीच्या जागी लावली होती."

"बाबा, कशाला..." सूनबाई म्हणाली.

"तू माझ्यासाठी खोटं बोललीस, ते मला कळतं पोरी. पण हे करू नकोस. फॉल्ट एकीकडे असतो आणि माणूस दुसरीकडे सांगतो, मग पुढचा येतो आणि बंद समजून चालू तारेला हात लावतो. माझ्यासमोर गेला एक. लग्न ठरलं होतं त्याचं." ते थांबले. "आणि मी तरी काय केलं? तीन दिवस तेच केलं. चालू तार झाकून बसलो."

मुलाने घास खाली ठेवला. "तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

"सोमवारी? मग बोलला का नाहीत, बाबा? हिचे काय हाल झाले तुम्ही बघत होतात ना?"

"बघत होतो. जेवण जात नव्हतं मला."

"मग?"

"तू काढून घेतलं असतंस," मेनस्विच म्हणाले. "इस्त्री घेतलीस, मी काही बोललो नाही. गॅस घेतलास, स्कूटर घेतलीस. बरोबरच केलंस, चुका माझ्याच होत्या. पण हेही गेलं असतं, तर मी या घरात करायचं काय? सांग ना. नुसतं बसायचं?"

मुलगा बापाकडे बघत राहिला. दिवसभर लोकांच्या नुकसानीला आकडा लावणारा माणूस तो, पण याला काय लावावं ते त्याला सुचेना.

"सोमवार तुमचाच," शेवटी तो म्हणाला. "लावा तुम्ही. हिला नंतर बघू दे. आणि चुकलं तर त्याच दिवशी सांगा, बाबा. त्याच दिवशी."

"आणि तू ओरडणार नाहीस?"

"ओरडेन. पण काढून घेणार नाही."

मेनस्विचनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग ताट परत जवळ ओढलं आणि सुनेला म्हणाले, "वाढ गं. कालपासून उपाशी आहे मी."