हूं

पुण्यात माझं काम म्हणजे मीटिंगच्या खोल्यांत स्पीकरफोन बसवणं. वडिलांना अर्धांगवायू झाला आणि फोन हातात धरवेना, तेव्हा तसाच एक गोल स्पीकरफोन मी गावी, कुरुंद्याच्या घरी त्यांच्या बाजेजवळ ठेवून आलो. त्यांची वाचाही गेली होती. नुसतं हूं म्हणता यायचं.

लहानपणी गोष्ट सांगताना ते माझ्याकडून हूं मागायचे. मी हूं म्हटलं नाही की गोष्ट तिथंच थांबायची. "हूं न्हाई त्याला गोष्ट न्हाई," म्हणायचे.

आता रोज सकाळी मी बोलायचो आणि पलीकडून काहीच यायचं नाही. कामाचं सांगायचो, त्यांच्या नातीच्या शाळेचं सांगायचो, शेतातल्या हळदीचं विचारायचो. मग राग यायचा. यांना ऐकायचंच नसेल तर मी कशाला घसा कोरडा करू? बोलणं दोन मिनिटांवर आलं.

ते गेले. तेराव्याला मी आईला म्हणालो, "शेवटी शेवटी बाबांनी मला एकदाही हूं म्हटलं नाही."

"काहून असं म्हणून राहिलास?" आई म्हणाली. "तुह्या हरेक बोलाला हूं म्हणत व्हते. तूच मधी फोन बंद करायचास."

एक जण बोलत असला की दुसऱ्याकडचा बारीक आवाज तो स्पीकरफोन दाबून टाकतो. हा त्याचा मोठा गुण आहे, असं गिऱ्हाइकांना मीच समजावून सांगतो.