तीस किलो मध आणि एक फिटर

मावशीच्या नवऱ्याला सगळी गल्ली फिटर म्हणायची. पाणीपुरवठ्यात छत्तीस वर्षं नळ जोडून तो निवृत्त झाला, पण त्याचे हात काही निवृत्त झाले नाहीत. कुठे काही गळतंय असा नुसता संशय आला तरी त्याला घास गोड लागत नसे. शेजारणीचा चांगला नळ दुरुस्त करून त्याने गळका केला होता, आणि वर वायसर हलका आणलास म्हणून तिलाच ऐकवलं होतं. अशा माणसाबरोबर मावशीने पंचेचाळीस वर्षं काढली, यातच तिचं काय ते कौतुक.

तिचं स्वतःचं काम मधमाश्यांचं. गावाबाहेरच्या उतारावर तिच्या बावीस पेट्या होत्या. तिथे जांभळ्या फुलांची झुडपं आहेत, ती आठ वर्षांतून एकदा फुलतात. फुलली की माश्या दुसऱ्या कशाला तोंड लावत नाहीत, आणि मध उतरतो तो काळसर, घट्ट, मागाहून जिभेवर किंचित कडू. यंदा तो तीस किलो निघाला. मावशी एकोणसत्तर वर्षांची होती. पुढचा बहर कोणी पाहिलाय, असं ती स्वतःच म्हणायची.

व्हिस्कीच्या कारखान्यात असलेल्या भाच्याने तिला एक लहानसं रिकामं पिंप आणून दिलं. "मावशी, याच्या लाकडात व्हिस्की मुरलीय. मध सहा महिने यात ठेव आणि मग चव बघ. फक्त आत पाण्याचा थेंब जाऊ देऊ नकोस."

हे तिने नवऱ्याला सांगितलं नाही. सांगून उपयोग काय, पालथ्या घड्यावर पाणी. शिवाय पिंप या विषयावर तासभर व्याख्यान ऐकावं लागलं असतं ते वेगळंच.

दुसऱ्याच महिन्यात पिंपाचं बूच फट्कन उडालं. आत फेस, आणि वास आंबलेल्या पिठासारखा. मावशीने कपाटात नुसती पडून असलेली, मधातलं पाणी मोजायची नळी डोळ्याला लावली. बावीस टक्के! एवढ्या पाण्यावर मध आंबणारच. भरताना तिने मोजलं नव्हतं, आयुष्यात कधीच मोजलं नव्हतं. माश्यांनी पोळ्यातली घरं मेणाने बंद केली की मध पिकला. उघड्या घरातला मध पाणचट. हे ती डोळ्यांनी ओळखायची. म्हणजे आता डोळ्यांनीच दगा दिला.

आधी तिने भाच्याला शिव्या घातल्या, मग हवेला, मग फक्त स्वतःला. "कच्चा मध काढला मी! शिकाऊ पोरसुद्धा असं करत नाही! सोडते मी हे काम!" भांडी आपटली, जेवण टाकलं. फिटर शेजारी बसून एक बिघडलेला पाना पुसत राहिला. एरवी अखंड चालणारं त्याचं तोंड आठ दिवस बंद होतं, पण ते लक्षात घ्यायला तिला फुरसत कुठे होती!

नवव्या दिवशी तिने शेजारगावच्या मधवाल्याला फोन लावला. "पेट्या घेऊन जा सगळ्या. डोळे गेले माझे. आता हे काम माझ्याच्याने होत नाही."

फिटरने उठून तिच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"डोळ्यांना काही झालेलं नाही तुझ्या. पिंपात मी पाणी भरलं होतं. तू मध भरायच्या आधी, उतारावर गेली होतीस तेव्हा, दोन दिवस. ओतून बघितलं तर फळ्यांमधून गळत होतं गं. लाकूड फुगलं की फटी बुजतात. नंतर आतून पुसलं की मी चांगलं."

"पुसलंत!" मावशीचा आवाज घरात मावेना. "लाकूड पाणी पितं, आणि मध ते ओढून घेतो! अहो, मध गेला तो गेला. पण आठ दिवस मी स्वतःला आंधळी म्हणवून घेतलं, आणि तुम्ही पाना पुसत बसलात? का?"

त्याने हातातला फोन सदऱ्याला पुसला. मग खाली बघत म्हणाला, "तू काम सोडते म्हणालीस. मला बरं वाटलं. तू त्या उतारावर गेलीस की परत येईपर्यंत मी दारात बसून असतो. पाय घसरला तुझा तर मी कुणाकडे बघू?"

पंचेचाळीस वर्षांत हा माणूस असं एक वाक्य बोलला नव्हता. बोलला तेही तीस किलो मध नासवून. मावशीला इतका संताप आला की तिला रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखी संताप आला.

तिने फोन हिसकावून घेतला आणि मधवाल्याला पेट्या विकायच्या नाहीत म्हणून सांगितलं. मग पदराने नाक पुसत नवऱ्याकडे वळली.

"उद्या सकाळी वर जायचंय. दारात बसायचं नाही. बरोबर यायचं, आणि मी सांगेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही."

"बरं," फिटर म्हणाला, आणि बूट शोधायला गेला.