सुरसागरच्या काठावरची रिकामी जागा

गेल्या दिवाळीत पुण्याहून मावसभाऊ आला. त्याला ‘ऐतिहासिक’ काहीतरी बघायचं होतं, म्हणून सुरसागरच्या काठावरच्या चौकात न्यावं लागलं. तलाव, कोर्टाची घुमटाची इमारत, नवं रेलिंग, नवी फरशी. तो म्हणाला, “मस्त स्वच्छ ठेवलंय गं तुमचं बडोदं.” माझं डोकं सणकलं. स्वच्छ म्हणजे काय, तर माणसं झाडून काढलेली. पण त्याला काही बोलले नाही, कारण त्यातलं एक माणूस मीच झाडलं होतं.

कोर्टासमोर, तलावाच्या कठड्याला पाठ लावून काका टाइपरायटर घेऊन बसत. सख्खे नव्हेत. नागरवाड्यात आमच्याच जिन्यावर, आमच्या खाली पहिल्या मजल्यावर राहतात. त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत शिपाई, वडील कचेरीत, आणि हे फुटपाथवर; पण बसायचे ते इस्त्रीच्या शर्टात. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, दाखल्यांचे अर्ज. गल्लोगल्ली कॉम्प्युटरची दुकानं झाली तरी जुने वकील त्यांच्याकडेच येत, कारण काका मजकुरातली चूक पकडत. आणि एकाचा कागद दुसऱ्याला कधी सांगत नसत.

मग महापालिकेची नोटीस लागली. चौक सुशोभित होणार. तिथे बसणाऱ्यांनी पंधरा दिवसांत फॉर्म भरावा, म्हणजे दुसरी जागा मिळेल. दुसरी जागा म्हणजे गावाबाहेर, जिथे कोर्ट नाही की गिऱ्हाईक नाही. मी तेव्हा फतेगंजला युनिव्हर्सिटीत शिकत होते आणि आमचा पत्रकं वाटणारा एक गट होता. आम्ही ठरवलं, फॉर्म भरणं म्हणजे हक्क सोडणं. एकही फॉर्म जाता कामा नये. पत्रक मी लिहिलं, आणि टाइप करायला अर्थातच काकांकडे नेलं.

त्यांनी वाचलं. “एकही, म्हणजे मलाही धरून?”

“तुम्ही तर पहिले, काका.”

“बरं,” म्हणाले आणि कागद चढवला.

चौकात सभा झाली. सगळ्यांनी हात वर केले. शेव-उसळवाला सगळ्यांत जोरात, “बेन कहे तेम,” ताई म्हणतील तसं. मी तर हवेतच होते.

मुदतीच्या चार दिवस आधी आमच्या गटाची कारेलीबागेत एका फ्लॅटमध्ये बैठक झाली. गटातले दोन वरिष्ठ म्हणाले, आपलं म्हणणं कोर्टात टिकणार नाही, ज्याला भरायचाय त्याला निषेध नोंदवून फॉर्म भरू द्या. चहा झाला, निर्णय झाला. चौकात जाऊन सांगायचं काम माझ्याकडे. मी गेले नाही. परीक्षा होती, हे खरं. पण कुठल्या तोंडानं सांगायचं, हे जास्त खरं. वाटलं, कळेल त्यांना आपोआप.

कळलं कुणालाच नाही. पुढचं मला यादी लागली त्या दिवशी शेव-उसळवाल्यानंच सांगितलं. तो फॉर्म घेऊन काकांसमोर उभा राहिला, “काका, बेनला सांगू नका हां. छोकरांचं बघायला लागतं ने.” मग किल्लीवाला, मग चांभार, मग फुलवाली. सगळ्यांचे फॉर्म काकांनी टाइप केले. कुणाचा नंबर चुकला होता, तो दुरुस्त केला.

फॉर्म भरलेल्यांची यादी लागली तेव्हा मी ती वाचत उभी होते, आणि गटाचा निर्णय बदललेला माहीत असूनही मनात नव्या पत्रकाची वाक्यं जुळत होती, गद्दार, पाठीत खंजीर, असली. खालपर्यंत आले. काकांचं नाव नव्हतं. पुन्हा वरून वाचली आणि तशीच कठड्यापाशी गेले.

“काका, तुमचा फॉर्म?”

“भरला नाही. तू सांगितलं होतंस ना.”

“अहो, बाकी सगळ्यांचे तुम्हीच टाइप केलेत.”

“तो धंदा. हात मी वर केला होता, तो माझा.”

“मला सांगायचं तरी.”

“गिऱ्हाइकाचा कागद मी तुला सांगू?”

त्यांनी मशीनवर कापड टाकलं. गटानं निर्णय बदलल्याचं मी त्यांना तेव्हा सांगितलं. “मग कुणीतरी येऊन सांगायला हवं होतं,” एवढंच म्हणाले. कुणीतरी म्हणजे कोण, ते त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पालिकेच्या कचेरीत घेऊन गेले, भांडायच्या तयारीनं. कारकुनानं काकांना ओळखून खुर्ची दिली आणि म्हणाला, “काका, तारीख तो गई.” मी आवाज चढवला, तर काकांनीच मला गप्प केलं. “मुदत म्हणजे मुदत. तो काय करणार?”

काकू मात्र गप्प बसल्या नाहीत. “शिपायांचं घर गं हे, हुकूम झाला की उभे राहतात. बसा म्हणायला तू आली नाहीस.”

काका आता घरीच असतात. मशीन खिडकीशी ठेवलंय. वकील नागरवाड्याचा जिना चढत नाहीत. मी अजून पत्रकं लिहिते, ती कॉम्प्युटरवर होतात. बाहेर पडताना काकांच्या दाराशी चपला हातात घेते, आवाज नको म्हणून. परवा आतून त्यांचा आवाज आला, “चपला घाल गं. खाली काचा पडल्यात.”