टाक्यावरची ओळ

पहिल्या महायुद्धानंतरची काही वर्षं मी लोणावळ्यात मास्तरकी करत होतो आणि रविवारी पवन मावळातल्या एका आडबाजूच्या लेण्यात जाऊन दगड वाचत होतो. म्हणजे ओला कागद लेखावर चिकटवायचा, ब्रशनं ठोकायचा, वर शाई फिरवायची आणि घरी येऊन उमटलेल्या अक्षरांशी झटापट करायची. बायकोच्या मते हे रिकामटेकड्याचे उद्योग होते. माझ्या मते माझ्यात एवढा एकच गुण होता, की जे दगडावर आहे तेवढंच मी वाचत असे. मोठमोठे विद्वान झिजलेल्या जागी आपल्या मनातलं भरतात, त्याची मला मनस्वी चीड होती.

खालच्या गावात माझं नाव ‘लेणी हुडकणारे मास्तर’ पडलं होतं. ते मला आवडायचं, खोटं कशाला बोला.

एका उन्हाळ्यात तिशीची एक बाई घाईघाईनं माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “मास्तर, माजं लेणं हुडकून द्या.”

मी ठसा अर्धाच सोडला. तिच्या रानात अजून कुणालाच न सापडलेलं लेणं आहे, असं मी धरून चाललो.

“कुठं आहे?”

“पान्यात.”

पाण्यात बुडालेलं लेणं म्हटल्यावर मी मनात लेखाचा मथळासुद्धा ठरवला.

“केवढं आहे?”

तिनं करंगळीचं पेर दाखवलं.

मला राग आला. खरं तर स्वतःचाच, पण काढला तिच्यावर. म्हणालो, “बाई, मी डोंगरातली लेणी शोधतो, अंगावरची नाही.” ती जागची हलली नाही. मग एकेक कळत गेलं. तिचा नवरा पलटणीबरोबर बसऱ्याकडं गेलेला. लढाई संपली, गावातले दोघं परत आले, याचं मात्र ना पत्र ना सरकारी कागद. सासू आणि दीर म्हणत होते, आता कुंकू पुस. ही ऐकत नव्हती. उन्हाळ्यात गावाला लेण्याशेजारच्या खडकातल्या टाक्याचंच पाणी असे. तिथं घागर बुडवताना तिच्या गळ्यातली काळी पोत तुटली आणि डोरलं पाण्यात गेलं.

“तशीच घरी गेले तर म्हनत्याल, देवानंच कौल दिला,” ती म्हणाली. “आजच बांगड्या फोडत्याल.”

पाय धुतले, धोतर खोचलं आणि उतरलो. पाणी कमरेएवढं होतं, तळाशी गाळ. दुपार कलेपर्यंत मी तो चाचपत होतो आणि ती काठावर बसून होती. हाती लागले चार काळे मणी. डोरलं काही मिळालं नाही.

मी तिच्याबरोबर गावात का गेलो, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. सासू अंगणात बसली होती. तिनं सुनेच्या गळ्याकडं पाहिलं. दिरानं विचारलं, “काय गावलं, मास्तर?”

“डोरलं नाही सापडलं,” मी म्हणालो. “पण टाक्यावर लेख आहे, तो वाचला.”

त्या लेखातले तीनच शब्द शाबूत होते. कुणाच्या तरी बायकोनं टाकं दान दिलं, एवढाच त्यांचा अर्थ. मी सांगितलं ते असं: “दोन हजार वर्षांपूर्वी राजानं लिहवून घेतलंय, की या टाक्यात जिचं लेणं पडेल, तिचं सौभाग्य टाकं राखील.”

दीर माझ्याकडं रोखून पाहत राहिला. ती जुनी लिपी त्याला वाचता येत नव्हती, नाहीतर माझी चांगलीच फजिती झाली असती. म्हातारी मात्र उठली, आतून सुई-दोरा आणला आणि ते चार मणी स्वतः ओवून सुनेच्या गळ्यात बांधले. तिलाही तिचा मुलगा जिवंतच हवा होता, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला माझीच शरम वाटली, पण खोटं बोलल्याची नव्हे.

पुढं तो लेख मी छापला तेव्हा तीन शब्द दिले आणि बाकी जागा कोरी सोडली.

दुसऱ्या लढाईच्या काळात, पेन्शनीत निघाल्यावर, एकदा पुन्हा वर गेलो. टाक्याशी पाच-सहा बायका होत्या. एक नवी नवरी पोतीतला मणी सोडवत होती. शेजारी ती उभी होती. केस पांढरे, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिनं मला लगेच ओळखलं.

“बरं झालं आलात, मास्तर. हिचा मालक लढाईवर गेलाय. हिला काय लिवलंय ते वाचून दावा.”

मी लेखाखाली बोट फिरवत सगळं वाचून दाखवलं, राजासकट. आवाजही कापला नाही. पोरीनं मणी पाण्यात सोडला आणि तिला विचारलं, “मावशी, तुमचं मालक कवा आलं?”

“अजून यायचं हायेत,” ती म्हणाली.